सक्तीच्या रकान्यातलं टिंब

ऑफिसात मला 'मिरो मॅडम' म्हणतात. अर्थात पाठीमागे; पण आमच्या मजल्यावरच्या भिंती छातीएवढ्याच असल्यामुळे पाठीमागचं सगळं तोंडावरच ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रागावल्याचा अभिनय केला आणि घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो चित्रकलेचा मास्तर. म्हणाला, "मिरो? तो स्पेनचा चित्रकार? रंगीत ठिपके काढायचा तो?" मग त्याला लग्नानंतर विसाव्यांदा समजावून सांगितलं, की मिरो हा सॅप या आमच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमधला कोड आहे. माल आला की मिगो. बिल आलं की मिरो. पैसे गेले की एफ-११०. ज्याला हे तीन कळले त्याला कारखाना कळला; खाली शेडमध्ये गिअर कापतात ते लोक नुसती यंत्रं चालवतात.

असे एकशे चाळीस कोड मला पाठ आहेत. लागतात त्यातले बारा. उरलेले मी नव्या पोरांसमोर बोलता बोलता सहज टाकते, गवयाने मध्येच एखादा अनवट राग गुणगुणावा तसे. एखादा मुलगा माउसने फोल्डरामागून फोल्डर उलगडत मेनूच्या जंगलात शिरला, की मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहते. चमच्याने वरणभात खाणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी थोडा वेळ बघते. मग हळूच म्हणते, "बाळा, स्लॅश एन लाव आणि कोड टाक." तो टाकतो, पडदा झटकन उघडतो, आणि त्याच्या डोळ्यांत जे काही चमकतं त्यावर माझा तो आठवडा जातो.

सॅप ही कंपनी १९७२ साली आयबीएम सोडून आलेल्या पाच इंजिनियरांनी जर्मनीत काढली. माझा जन्मही १९७२ चाच. आणि महाराष्ट्रातला तो मोठा दुष्काळही १९७२ चाच. सासूबाई यातल्या दोनच घटना एका दमात सांगायच्या. सॅप त्यांना माहीत नव्हतं.

अशा या माझ्या राज्यात गेल्या वर्षी एजंट आला. एआय एजंट.

पुरवठादाराचा ईमेल हा स्वतः उघडतो. जोडलेली पीडीएफ वाचतो, आमची खरेदी ऑर्डर शोधून काढतो, गेटवर माल किती उतरला ते बघतो, जीएसटी क्रमांक तपासतो. सगळं जुळलं तर बिल पोस्ट करतो. नाही जुळलं तर पुरवठादाराला पत्र पाठवतो, आणि तेही असं अदबीचं, की वाचणाऱ्याला आपलं काही चुकलंय याचा पत्ता तिसऱ्या ओळीत लागावा. ऑर्डर, माल आणि बिल यांच्या या जुळणीला आमच्यात थ्री-वे मॅच म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम घरोघरचं. पाच किलो कांदे सांगितले, पोऱ्याने आणले साडेचार, आणि वाण्याच्या चिठ्ठीवर पाच. जिला हे पकडता येतं तिला सीए व्हायची गरजच काय? मीही नाही झाले. तीनदा बसले होते, पण तो विषय नको.

एजंटाच्या आधी आमच्याकडे बॉट होता. बिचारा आंधळा कारकून. अमुक जागी क्लिक कर, तमुक रकान्यात आकडा टाक, एवढंच त्याचं जग. एका रात्री पडद्यावर 'आपला पासवर्ड सात दिवसांत संपेल' अशी चौकट उगवली, तर हा पहाटेपर्यंत तिच्यासमोर तिष्ठत उभा. सकाळी मी ती चौकट बंद केली आणि त्याला मोकळं केलं, तेव्हा मला अगदी आईपण वाटलं. असल्या प्राण्यावर माया करता येते. एजंटावर करता येत नाही. चौकट आली तर तो ती वाचतो आणि पुढे जातो. बिल आडवं स्कॅन झालेलं असो, त्यावर चहाचा डाग असो, ऑर्डरच्या क्रमांकात शून्याच्या जागी ओ असो, त्याला कळतं. मला हे कळायला सहा वर्षं लागली होती आणि त्या सहा वर्षांनाच मी अनुभव म्हणत आले.

पण मला आधी बोलायचंय ते त्याच्या नावाबद्दल. ज्या कुणी परदेशात बसून या वस्तूला 'एजंट' म्हणायचं ठरवलं, तो आपल्याकडच्या आरटीओसमोर कधी उभा राहिलेला नसणार. आमच्या प्रशिक्षणात सल्लागारांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "तुम्ही फक्त काय हवंय ते सांगा. पायऱ्या तो स्वतः ठरवेल." वर्गातल्या पंचविशीतल्या पोरांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, हे मी १९९४ साली चिंचेच्या झाडाखाली पाहिलंय. स्कूटरच्या सीटवर त्याचं ऑफिस. डिकीत स्टेपलर, खळीची बाटली आणि प्रत्येक फॉर्मच्या चार चार प्रती. "लायसन ना ताई? कागद द्या इकडे. तुम्ही फक्त सावलीत उभ्या राहा." कोणत्या खिडकीवर आधी जायचं, कोणता साहेब जेवायला गेलाय, कोणत्या फॉर्मला फोटो चिकटवायचा आणि कोणत्याला नुसता टाचायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात. ध्येय सांगा, पायऱ्या तो ठरवेल. वर तो अडला की माणसाला विचारायलाही यायचा: "ताई, रक्तगट कुठला टाकू?"

मग विम्याचा एजंट. घरात मूल झालं की पेढा आजोबांच्या हातात पडायच्या आधी हा सोफ्यावर. आपण कितव्या वर्षी गेलो तर मागे राहणाऱ्यांना किती मिळतील, हे तो आपल्याच घरात, आपल्याचसमोर, आपलेच पोहे खात सांगायचा, आणि आपण त्याला वर म्हणायचो, "लिंबू पिळू का?" मग जागेचा एजंट. त्याच्या घड्याळात प्रत्येक फ्लॅट स्टेशनपासून पाच मिनिटांवर आणि प्रत्येक खिडकी पूर्वेला. आमचं सध्याचं घर घेताना त्याने बाल्कनीतून हात करून म्हटलं होतं, "समोर गार्डन होणार आहे." समोर मंगल कार्यालय झालं. त्याला गार्डन म्हणतात हे खरं, नावातच आहे.

आणि या सगळ्यांच्या वरची एजंट म्हणजे माझी आई.

साताऱ्याला आमच्या पेठेत ती पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजंट होती. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. शाळेत आईचा व्यवसाय लिहायचा असला की मी हे पूर्ण लिहायचे, आणि बाईंना ती सरकारी मोठी नोकरी वाटायची. कमिशन शेकडा चार. पन्नास रुपयांचं खातं असेल तर महिन्याला दोन रुपये, आणि त्या दोन रुपयांसाठी कधी कधी तीन जिने. रेक्झिनची तपकिरी पिशवी, तिच्यात रबराने बांधलेली पासबुकं आणि एक लांबट वही. दर महिन्याला ती ती पेठ दारोदार चालायची. सगळीकडे चहा नाकारायची, एका घरी घ्यायची. कुठलं घर, ते महिन्यागणिक बदलायचं, कारण कुणाला वाईट वाटता कामा नये.

कुणाचा हप्ता या महिन्यात निघणार नाही, हे तिला दार उघडायच्या आधीच कळायचं. कसं, म्हणून विचारलं तर म्हणायची, "जिन्यात फोडणीचा वास येतो ना, त्यावरून." चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. तिसरा चुकायच्या सुमाराला ती त्या घरी जायचीच नाही. परस्पर पोस्टात जाऊन पन्नास रुपये भरून यायची. वहीत त्या नावापुढे सगळ्यांसारखीच बरोबरची खूण, फक्त खुणेशेजारी एक बारीक टिंब. मी दहावीत असताना हिशेब लावत बसले होते, तेव्हा मला ती टिंबं दिसली. सोळा होती. विचारलं, "आई, हे काय?" तिने वही माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "पेन टेकलं असेल."

तिला आता ब्याऐंशी वर्षं झाली आहेत. आमच्या ऑफिसात एजंट आला हे सांगितलं तर तिने पहिल्यांदा विचारलं, "बाई आहे का?"

"नाही गं, मशिन आहे."

"कमिशन किती?"

"काही नाही."

"मग तो एजंट कसला? वेठबिगार म्हण."

असो. एजंटाला कामाला जुंपण्याआधी सल्लागारांनी आमचा मागचा पाच वर्षांचा इतिहास उपसला. आपण सॅपमध्ये जे जे करतो त्याची तारीख, वेळ आणि करणाऱ्याचं नाव मागे राहतं. त्या खुणा गोळा करून प्रत्येक बिल कुठून निघालं, कुठे गेलं, कुठे रेंगाळलं याचा नकाशा काढता येतो. याला प्रोसेस मायनिंग म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम, हे मला नकाशा पाहिल्यावर पटलं. कारण त्यातून मी निघाले.

मोठ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, फायनान्सच्या साहेबांसमोर तो नकाशा लागला. ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या बारीक रेषा, आणि मधोमध एक लाल जाडजूड गाठ. गाठीवर माझा कर्मचारी क्रमांक. शेजारी लिहिलं होतं: 'येथे बिल सरासरी अडीच दिवस थांबते.' आणि त्याखाली, ज्या थंडपणे डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या थंडपणे: 'प्रयोजन: आढळले नाही.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तपासणी असते सर."

आयटीतला मुलगा, ज्याला स्लॅश एन मीच शिकवलं होतं, नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बिल उघडल्यापासून मंजुरीपर्यंतचा वेळ चार सेकंद आहे. अडीच दिवस आहेत ते उघडायच्या आधीचे."

मी म्हटलं, "बिल थोडं मुरावं लागतं."

खोलीत कुणी हसलं नाही, हे मला आजपर्यंत सलतंय. कारण मी ते खरंच बोलले होते. ज्याचं बिल आल्या दिवशी सुटलं, त्याला असं वाटतं की ते कुणी पाहिलंच नाही. अडीच दिवसांत पुरवठादाराला कळतं की वर कुणीतरी आहे. देवळात पुजारी गाभाऱ्याचं दार जरा वेळ बंद ठेवतो, तेव्हा आत देव काही वेगळं करत नसतो. पण बाहेरच्यांचे हात जोडलेले राहतात.

दुसरा शोध शेऱ्यांचा लागला. मंजुरी देताना 'शेरा' हा रकाना सक्तीचा आहे, त्यावर लाल चांदणी असते. तो भरल्याशिवाय सॅप पुढे सरकत नाही. आता ज्यांनी ज्यांनी असल्या प्रणालीवर जन्म काढला त्यांना ठाऊक आहे, की सक्तीच्या रकान्यात काय भरतात. टिंब. एक पूर्णविराम टाकायचा आणि एंटर दाबायचं. माझ्या पाच वर्षांच्या शेऱ्यांत निम्म्याहून जास्त टिंबं निघाली. सल्लागारांनी विचारलं, यातून व्यवसायाचा कोणता नियम समजायचा? मी म्हटलं, "सर्व बाबी तपासून समाधान झाले, याचं ते लघुरूप आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

आणि मग चाचणीच्या पहिल्या आठवड्यात अशी गंमत झाली की एजंट बिलं अडीच दिवस धरून ठेवायला लागला. सगळं जुळलेलं, सगळं तपासलेलं, तरी सोडेना. कारण विचारलं तर त्याने उत्तर दिलं: 'पूर्वीच्या पद्धतीशी सुसंगत.' माझ्या आयुष्यात माझं इतकं मनापासून अनुकरण माझ्या मुलीनेही केलेलं नाही. तीन दिवसांत त्याची ती सवय काढून टाकली. माझी काढायला कंपनीला पंचवीस वर्षं सुचलं नव्हतं.

आता एक तक्रार, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. रोज अकरा वाजता तो माझ्यापुढे यादी ठेवतो. बिलाचा क्रमांक, रक्कम, केलेली कारवाई, आणि 'खात्री ९७ टक्के'. खाली एकच बटण: मंजूर. पहिल्या दिवशी मी प्रत्येक बिल उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दहा पाहिली. महिन्याभरात मी चहा पीत डाव्या हाताने मंजूर, मंजूर, मंजूर करत होते. त्याचं सगळं बरोबरच असतं, आणि रोज बरोबर असणाऱ्याची राखण करणं माणसाला जमत नाही. पहारेकऱ्याला झोप लागते ती चोर येत नाही म्हणूनच. पण ज्या दिवशी ते ९७ चुकतील त्या दिवशी ऑडिटर एजंटाला खुर्चीत बसवून प्रश्न विचारणार नाहीत. मला बसवतील. निर्णय त्याचा, सही माझी. उरलेले तीन टक्के म्हणजे माझा प्रॉव्हिडंट फंड.

शिवाय आमच्या विभागात आम्ही नऊ जणी होतो, आता पाच आहोत. कुणाला काढलं नाही. ज्या गेल्या त्यांच्या जागी कुणी आलं नाही, एवढंच. पूर्वी कॉलेजातून आलेली मुलगी वर्षभर नुसती बिलं चढवायची, कंटाळून रडायची, आणि वर्षाअखेरीला एखादं बिल हातात घेऊन म्हणायची, "मॅडम, हे कसंतरीच वाटतंय." ते 'कसंतरीच' कुठल्याही पुस्तकात नसतं, ते त्या रडण्यातून येतं. आता ती मुलगीच येत नाही. उद्या ९७ टक्क्यांवर मान डोलावणाऱ्या माझ्या जागी कोण बसेल आणि तिला काय कसंतरी वाटेल, हे मी एकदा बैठकीत विचारलं. मुद्दा चांगला आहे, असं म्हणून तो पुढच्या बैठकीच्या यादीत टाकला. यादी एजंट करतो.

आता बुशवाल्या काकांकडे येते.

भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप. तीन लेथ, दोन कारागीर. आम्हाला पितळी बुश देतात. बारा वर्षं दर महिन्याच्या बावीस तारखेला त्यांचा मला फोन. "मॅडम, नमस्कार. आईंचा गुडघा काय म्हणतोय?" मग गुडघा, मग पाऊस, मग भोसरीचा ट्रॅफिक, आणि दहाव्या मिनिटाला, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "ते तेवढं आपलं मिरो झालं असेल तर..." त्यांच्या बिलात दर वेळी ऑर्डरचा क्रमांक चुकलेला असायचा, शून्याच्या जागी ओ. मी दर वेळी बिल पार्क करून ठेवायचे, दर वेळी त्यांना दोन शब्द सुनवायचे, दर वेळी ते "चुकलंच मॅडम" म्हणायचे, आणि मग मी मोठ्या मनाने ते सोडवायचे. करार पंचेचाळीस दिवसांचा. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३बी(एच) हे कलम लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे करार असला तरी फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. मी चव्वेचाळिसाव्या दिवशी पैसे सोडायचे. कायदाही राहिला आणि दराराही. काकांसाठी मी किती करते, हे मी घरी जेवताना सांगायचे.

एजंट आला आणि कंपनीने ठरवलं, की छोट्यांची बिलं जुळली की त्याच आठवड्याच्या एफ-११० मध्ये जाऊ द्यायची. ओ म्हणजे शून्य हे एजंटाला पहिल्याच बिलात कळलं. काकांचे पैसे दहा दिवसांत जायला लागले. बावीस तारखेचा फोन थांबला. एक महिना वाट पाहिली, दोन पाहिली. मग मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, माणसं किती लवकर विसरतात."

आणि मग एका सोमवारी एजंटाने एक बिल लाल करून माझ्यापुढे ठेवलं. 'पत्ता तोच. ईमेल तोच. जीएसटी क्रमांक बदलला. बँक खाते बदलले. फसवणुकीची शक्यता. ईमेलला उत्तर देऊ नये. नोंदीतील जुन्या क्रमांकावर माणसाने फोन करून खात्री करावी.'

'माणसाने.' इतक्या दिवसांत त्याने माझा हा पहिला गौरव केला.

बिल काकांच्या वर्कशॉपचं होतं. मी दोन्ही जीएसटी क्रमांक शेजारी शेजारी ठेवले. पंधरा अक्षरं. पहिली दोन २७, म्हणजे महाराष्ट्र, तीच. पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन, तो वेगळा. पॅनचं चौथं अक्षर पी, म्हणजे व्यक्ती. कंपनी वगैरे काही झालेली नाही. आणि पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. काकांचं के. नव्या पॅनमध्ये डी. माझ्या पोटात गोळा आला. काकांना एकच मुलगी, लग्न होऊन सांगलीला दिलेली. धंदा सासरच्या आडनावाने तिच्या नावावर झाला, म्हणजे... तीन महिने फोन नाही, म्हणजे...

माझे डोळे भरून आले. आयटीतला मुलगा शेजारून जात होता, त्याला हाताला धरून बसवलं. म्हटलं, "बघ. तुझ्या एजंटाला इथे काय दिसलं? अक्षरं बदलली, एवढंच. मला एक माणूस गेलेला दिसतोय. बारा वर्षं बोलले मी त्यांच्याशी. हे कुठल्या मॉडेलला शिकवणार आहेस?" तो गप्प बसला. पलीकडच्या दोघी उठून आल्या. एकीने पाणी आणलं. मी सगळ्यांसमोर, भरल्या गळ्याने, सांत्वनाची वाक्यं मनात जुळवत, जुना क्रमांक फिरवला. मुलगी उचलेल, तिला आधी काय म्हणायचं?

मागे लेथचा आवाज. मग, "हॅलो?"

आवाज काकांचा होता.

"काका?"

"कोण, मॅडम?" क्षणभर नुसता लेथ. "अहो, तुम्ही अजून आहात?"

"म्हणजे?"

"मला वाटलं रिटायर झालात! पैसे वेळेवर यायला लागले ना!"

फोन स्पीकरवर होता. तो मी गंभीर प्रसंगाला सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम ठेवला होता.

पाणी आणणारी आधी हसली. मग दुसरी. आयटीतल्या मुलाने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मी स्पीकर बंद केला आणि काकांशी नीट बोलायला लागले. मुलगी-जावई सांगलीहून पुण्याला आलेत. मुलगी डिप्लोमा मेकॅनिकल, हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. तिने कर्ज काढून सीएनसी घेतलं, कर्ज तिच्या नावावर, म्हणून धंदाही तिच्या नावावर. "मी आता तिच्याकडे कामाला आहे," काका म्हणाले. "पगार एक तारखेला देते. मिरो-बिरो भानगड नाही." मग विचारलं, "आईंचा गुडघा?"

"ऑपरेशन झालं, दोन महिने झाले."

"अरे! कळवलं नाहीत?"

"तुमचा फोनच नव्हता काका."

पलीकडे लेथ थांबला. "पैसे यायचे हो वेळेवर," ते म्हणाले. "मग फोन कशाच्या नावाने करायचा?"

यावर मला काही सुचलं नाही. मग मी त्यांना आईच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं, भूल देण्यापासून वॉकरपर्यंत. ती आता पहिल्या मजल्यावर जाते, आणि जिना चढताना अजून वास घेते.

फोन ठेवला तेव्हा एजंट पडद्यावर वाट पाहत होता. 'खात्री झाली का?' मी 'हो' दाबलं. नव्या नावाने पुरवठादार उघडला गेला, बिल हिरवं झालं. मग खाली आणखी एक ओळ आली. 'या प्रकारच्या पडताळणीस सरासरी ४ मिनिटे लागतात. या वेळी २६ मिनिटे लागली. शेरा द्यावा.' शेजारी लाल चांदणी.

मी लिहायला घेतलं, 'पुरवठादाराशी...' आणि खोडलं. 'वैयक्तिक...' तेही खोडलं. टिंब टाकलं आणि एंटर दाबलं.

पण हा जुना सॅप नव्हता. त्याने विचारलं, 'शेऱ्यात फक्त पूर्णविराम दिसतो. अर्थ स्पष्ट कराल का?'

मी लिहिलं, 'पेन टेकलं असेल.'

त्याने धन्यवाद म्हटलं आणि तसंच नोंदवून घेतलं.